ती रडली नाही म्हणून

पत्र: ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ४७. दोन्ही मुलं पुण्याला, घरात मी आणि हे. दर्शन नावाच्या त्या कन्नड नटाचा खुनाचा खटला गाजतोय ना, त्याचं मला २०२४ पासून वेडच लागलंय. दुपारी यूट्यूबवर, रात्री हिंदी चॅनेलवर. अटक कधी झाली, जामीन कधी झाला, जामीन कधी गेला, सगळं तोंडपाठ आहे. एवढ्यावर राहिलं असतं तर लिहिलं नसतं. माघात आमच्या गल्लीतला एक तरणा मुलगा रात्री गव्हाला पाणी भरायला गेला आणि स्टार्टरच्या पेटीपाशी शॉक लागून गेला. मागे बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पी.एम. मध्येही (शवविच्छेदनात) शॉकच आला. परवा पापड लाटायला आम्ही सात-आठ जणी जमलो होतो. कुणीतरी म्हणालं, ती दहाव्यालाही रडली नाही, फोनवरच असते. आणि मी बोलून गेले, ‘तिनीच करं व्हई (तिनंच केलं असेल). फोनवरचा कोण, ते शोधा.’ आठ दिवसांत ते गावभर झालं. सासूनं तिचा फोन काढून घेतला. भाऊ न्यायला आला तर सासरा म्हणाला, तू जा, पोर इथंच राहील. आता टीव्ही लावला की ती दिसते, बंद केला की जीव घाबरा होतो. मी काय करू? आणि असलं बघायची ओढ लागावी, इतकी मी मुळातच वाईट आहे का?

ताई,

तुमच्या ओढीचं नंतर बोलू. आधी त्या नवरा गेलेल्या मुलीचं बघू, कारण तिच्याकडे वेळ कमी आहे.

तुम्ही जे बोललात ते सात-आठ जणींसमोर बोललात. ते परतही त्यांच्यासमोरच घ्यायला हवं. देवापुढे दिवा लावून, मनातल्या मनात माफी मागून यातलं काही फिरणार नाही. पापडाचे दिवस अजून सरलेले नाहीत. कुरडया, बिबडे कुणाकडे तरी होणारच आहेत. तिथं जा आणि हात चालू असतानाच सरळ सांगा: ‘मी त्या दिवशी जे बोलले, त्यातलं मला काहीही माहीत नव्हतं. टीव्हीवरचं डोक्यात होतं, ते मी तिच्यावर टाकलं. पोलिसांचा कागद आहे, डॉक्टरचा कागद आहे, शॉक लागून गेला. ह्यापुढे माझं नाव घेऊन कुणी बोललं तर मी तोंडावर सांगीन की ते खोटं आहे.’ एवढंच. सफाई देऊ नका, रडू नका. तुम्ही रडलात तर सगळ्या तुम्हालाच समजवायला लागतील आणि विषय तुमचा होऊन बसेल. एखादी म्हणेलही, ‘टीव्हीवर दखाडतस ते काय खोटं ऱ्हास का?’ (दाखवतात ते काय खोटं असतं का?) तिला म्हणा, टीव्हीवरचं टीव्हीवर, ही आपल्या गल्लीतली आहे.

त्यानंतर तिच्या सासू-सासऱ्यांकडे जा. हे जास्त अवघड आहे. त्यांचा मुलगा गेलाय, आणि मुलगा उगाच गेला हे मान्य करण्यापेक्षा कुणीतरी घालवला हे मान्य करणं अनेकदा सोपं वाटतं. रागाला एक तोंड मिळतं. तुमच्या एका वाक्यानं त्यांना ते तोंड दिलं, आणि तेही घरातलंच. म्हणून तुमच्या मालकांना बरोबर घेऊन जा. गावात सासऱ्याशी बोलायला पुरुष असला की बोलणं ऐकलं जातं. मला ते आवडत नाही, पण आत्ता त्या मुलीचं काम व्हायला हवं. मुलीला भेटलात तर तिच्याकडून माफीचे शब्द वदवून घेऊ नका. तिनं दार लावून घेतलं तर घेऊ द्या.

आता ‘ती रडली नाही’ याबद्दल. तुमच्या पत्रातल्या ह्या एका वाक्यावर मी अडले. गाजलेल्या खटल्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं बघून आपल्याला हीच एक गोष्ट पक्की शिकवली गेली आहे: चेहरा वाच, डोळे वाच, मग निकाल दे. २००८ मध्ये नोएडात आरुषी तलवार ही १३ वर्षांची मुलगी आणि तिच्या घरी काम करणारा हेमराज यांचा खून झाला. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. त्या मुलीच्या आईनं टीव्हीवर मुलाखत दिली, आणि ती धड रडत नाही, एवढी शांत कशी, यावर घरोघरी चर्चा झाली. आपल्याकडे वट्यावर बसून बायकांनी तिचा निकाल लावला होता, मी ऐकलेलं आहे. २०१३ मध्ये गाझियाबादच्या सीबीआय कोर्टानं आईवडिलांना जन्मठेप दिली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद हायकोर्टानं दोघांना निर्दोष सोडलं. तोवर त्यांची वर्षं तुरुंगात गेली होती. ज्यांनी तिचे कोरडे डोळे पुरावा म्हणून दाखवले, त्यातल्या कुणाला ती वर्षं परत देता येणार नव्हती.

मी धुळ्याच्या कोर्टात वकिली केली, नवरा गेलेल्या बायका खूप पाहिल्या. काही जणी वकिलाच्या टेबलाशी धाय मोकलून रडतात. काही जणी सातबारा कुणाच्या नावावर होईल, एवढंच विचारतात आणि पिशवी उचलून जातात. दुसऱ्या प्रकारच्या बाईला दुःख कमी असतं असं मला एकदाही वाटलं नाही. तिच्यावर पोराची आणि सासरच्या घराची भीती जास्त असते, तिला रडायला सवड नसते. आणि फोनचं म्हणाल तर तीन वर्षांची पोर कडेवर, सासरी परकी झालेली, अशी मुलगी आईशी, बहिणीशी बोलणार नाही तर कुणाशी बोलेल? तिच्या हातातला तो फोन हेच तिचं माहेर होतं. तेही काढून घेतलं गेलंय. तो परत मिळावा एवढं तरी त्या सासऱ्याकडून घेऊनच या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही वाईट नाही. माणूस कसा मेला, कुणी मारला, का मारला, हे जाणून घ्यायची ओढ माणसाला पहिल्यापासून आहे. त्यात आरोपी पडद्यावरचा देखणा हिरो असेल तर ओढ दुप्पट होते, कारण ज्याला आपण देव मानलं त्याच्या हातून असं झालं असेल का, हा प्रश्न मनाला सोडत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ही ओढ तुम्हाला कुणाकडे बघायला लावते आणि कुणाकडे बघू देत नाही, ते नीट तपासा.

तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे म्हणता, म्हणून विचारते. दर्शनचा जेलमधला कैदी क्रमांक तुम्हाला ठाऊक असणारच, ६१०६. चाहत्यांनी तो गाड्यांवर चिकटवला, अंगावर गोंदवून घेतला, एका तान्ह्या बाळाला कैद्याचे कपडे घालून त्यावर तो आकडा टाकून फोटो काढले. जेलच्या हिरवळीवर खुर्ची टाकून, हातात सिगारेट आणि कप घेऊन बसलेला त्याचा फोटोही तुम्ही पाहिलाय. पण जो मारला गेला, तो कोण होता? ३३ वर्षांचा, चित्रदुर्गचा, औषधाच्या दुकानात नोकरी करणारा माणूस. त्याच नटाचा चाहता. तो गेला तेव्हा त्याची बायको गरोदर होती, बाळ ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. त्या बाळाला वडील पाहायला मिळाले नाहीत. सुप्रीम कोर्टानं १४ ऑगस्ट २०२५ रोजी जामीन रद्द केला तेव्हा आरोपी कितीही मोठा असला तरी कायद्यापुढे सारखाच, असं बजावलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूच्या सत्र न्यायालयानं १७ जणांवर आरोप निश्चित केले, आणि सगळ्यांनी ते नाकारले. खटला अजून उभा आहे. ते दोषी की निर्दोष, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. कोर्ट सांगेल तोवर तिथंच थांबायला हवं.

हे आजचं खूळ नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटीनं बायकोचा प्रियकर प्रेम अहुजा याला गोळ्या घातल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटीची बाजू अशी लावून धरली की कोर्टाबाहेर गर्दी मावेना. रस्त्यावर खेळण्यातली नानावटी रिव्हॉल्व्हर आणि अहुजा टॉवेल विकायला आले. त्या टॉवेलचं जरा सांगते. अहुजा आंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता. नानावटीचं म्हणणं होतं की झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाचा मुद्दा साधा होता: झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता, आणि तो तर अंगावरच होता. म्हणजे अख्ख्या खटल्यातला एक भक्कम पुरावा लोक फुटपाथवर गंमत म्हणून विकत घेत होते आणि तो पुरावा काय सांगतो हे मात्र कुणी ऐकत नव्हतं. ज्युरीनं, म्हणजे निकालासाठी बसवलेल्या नऊ सामान्य नागरिकांनी, ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पुराव्याला धरून वाटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टानं खुनासाठी जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं ती २४ नोव्हेंबर १९६१ रोजी कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी त्याला माफी दिली. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही, त्यानंतरही ज्युरी बसत होत्या. ती पद्धत पुरती गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं.) देखणा अधिकारी, फसवणारा श्रीमंत मित्र, पश्चात्ताप झालेली बायको: लोकांना गोष्ट आधीच पटली होती. तुम्ही त्या मुलीची गोष्ट लावलीत ती अशीच. शॉक, फोन, कोरडे डोळे. तीन गोष्टी जोडल्या, मधली सगळी जागा टीव्हीनं भरून दिली.

चॅनेल बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही चार दिवस कराल आणि पाचव्या दिवशी पुन्हा लावाल. मी म्हणते, खटला बघायचाच आहे ना, तर खरा बघा. अमळनेरला जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे. आपल्याकडे फौजदारी खटला उघड्या कोर्टात चालतो. अत्याचारासारख्या काही खटल्यांत दार बंद असतं आणि न्यायाधीश एखाद्याला बाहेर काढू शकतात, तेवढं सोडलं तर कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसावं. फोन बंद ठेवायचा, बोलायचं नाही. सकाळी अकराच्या सुमारास जा.

काय दिसेल ते सांगते. शिपाई पुकारा करतो. पहिल्या कितीतरी प्रकरणांत नुसती तारीख पडते: आरोपी आणला नाही, साक्षीदार आला नाही, वकील दुसऱ्या कोर्टात आहेत. मग एखाद्या खटल्यात साक्ष सुरू होते. पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो. सरकारी वकील सरतपास घेतात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला आधी प्रश्न विचारतात, ‘पंचनामा तुमच्यासमोर झाला का?’ पंच म्हणतो, ‘पोलिसांनी कागदावर सही घेतली, मला काही माहीत नाही.’ सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून उलटतपास घ्यायची परवानगी मागतात. मग डॉक्टर येतात. जखम किती सेंटिमीटर लांब, किती खोल, कडा कशा, कुठल्या हत्यारानं होऊ शकते, दुसऱ्या कशानं होऊ शकते का. बचावाचा वकील त्या ‘दुसऱ्या कशानं’वर बराच वेळ घालवतो. न्यायाधीश एकेक उत्तर स्टेनोला सांगतात, ते टाइप होतं, साक्षीदाराला वाचून दाखवतात, तो सही करतो. आरोपी मागे गप्प उभा असतो, आणि त्याच्या आईनं आणलेला डबा तिच्या मांडीवर असतो. पार्श्वसंगीत नसतं. साक्षीदार कसा बोलतो याची नोंद न्यायाधीश करू शकतात, पण ‘ही बाई रडली नाही’ एवढ्यावर तिला खुनी ठरवायची सोय कायद्यात नाही. एक दिवस तिथं बसा. एक माणूस दोषी म्हणण्याआधी किती गोष्टी पुन्हा पुन्हा तपासायला लागतात, ते पाहिलं की रात्रीच्या कार्यक्रमातली घाई तुम्हाला सोसवणार नाही.

आणि टीव्ही लागलाच, तर तीन गोष्टी लक्षात ठेवून बघा. ‘पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला’ असं लाल पट्टीत आलं, तर ती कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांचं म्हणणं, निकाल नव्हे. आणि खुनाचा प्रसंग नट घेऊन उभा करून दाखवत असतील, तर अशा गोष्टी टाळा असं मुंबई हायकोर्टानं १८ जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांना सांगितलेलं आहे. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर जे दाखवलं गेलं, त्यावरच्या याचिकांत तो निकाल आला. तपास चालू असताना साक्षीदारांच्या मुलाखती घेणं, त्यांच्या जबाबाची चिरफाड करणं, हेही टाळा असं त्यात आहे. तुम्ही रोज जे बघता त्यातलं किती यात बसतं, ते तुम्हीच मोजा.

जळगाव जिल्ह्यातल्या बाईला मला आणखी एक आठवण द्यायची आहे. १९९४ मध्ये जळगावचं वासनाकांड देशभर गाजलं तेव्हा तुम्ही पंधरा-सोळाच्या असाल. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्या मुली पुढे यायला धजावत नव्हत्या, आणि त्याचं एक कारण तुम्ही-मी होतो. कोण असेल, कुणाची असेल, हे आपण विहिरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात कुजबुजत होतो. जिचा काही संबंध नाही अशी पोरगीही जळगावची म्हणून स्थळवाले दोनदा विचार करत. खान्देशातल्या बाईला कुजबुज काय करते हे कुणी शिकवायला नको. तुम्हाला झोप येत नाही, कारण तुम्हाला ते आठवतंय. ही अस्वस्थता औषधानं घालवू नका, कामाला लावा.

काम असं आहे.

पोरीबद्दल सासरा जे म्हणाला, ते कायद्यात बसत नाही. वडील गेल्यावर आई ही मुलीची नैसर्गिक पालक असते, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यपणे आईकडेच राहतो. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्याचं कलम ६ तसं सांगतं. सासऱ्याला हे कोर्टाची धमकी म्हणून सांगू नका. नात त्यांना भेटत राहील, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेली तरी परत येईल, हे आधी बोला. ते ऐकलंच नाहीत तर तिच्या भावाला अमळनेर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत पाठवा. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही स्त्रीला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

दुसरं, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतात शॉक लागून मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, पोलिसांचा पंचनामा, पी.एम. रिपोर्ट, हे लागतं. आत्महत्या त्या योजनेत बसत नाही, म्हणून गावात उलटसुलट बोलणं चालू राहणं तिला परवडणारं नाही. मुलगा माघात गेला म्हणता, म्हणजे वेळ बराच गेलाय आणि मुदत फार थोडी असते. तुमच्या मालकांना उद्याच गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) पाठवा, प्रस्ताव गेलाय का ते विचारू द्या. गेला नसेल तर उशिराचं कारण लिहून त्याच दिवशी द्यायला सांगा. पी.एम. ची प्रत अजून घरात नसेल तर पोलीस ठाण्यातून काढावी लागेल, आणि तिथं त्या मुलीला एकटीला पाठवू नका. तुम्ही बरोबर जा.